स्वयंवर (दूरचित्रवाणी मालिका)

'स्वयंवर' ही हिंदी भाषेतील वास्तवदर्शी, म्हणजेच 'रिॲलिटी' प्रकारातील भारतीय दूरचित्रवाणी मालिका आहे. प्रसिद्ध व्यक्तीने अनेक इच्छुकांमधून आपला जोडीदार प्रेक्षकांसमोर निवडावा, ही तिची मूळ कल्पना होय. मालिकेचे पहिले पर्व 'राखी का स्वयंवर' या नावाने २९ जून २००९ रोजी एनडीटीव्ही इमॅजिन या वाहिनीवर सुरू झाले. त्यानंतर 'राहुल दुल्हनिया ले जाएगा' (२०१०) आणि 'रतन का रिश्ता' (२०११) ही दोन पर्वे त्याच वाहिनीवर झाली. ती वाहिनी २०१२ मध्ये बंद पडली. पुढे दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, स्टार भारत या वाहिनीवर 'स्वयंवर – मिका दी वोटी' हे चौथे पर्व प्रसारित झाले.

मालिका हिंदी असली तरी मराठी वाचकाला ती दोन कारणांनी जवळची आहे. पहिल्या पर्वाची नायिका राखी सावंत आणि दुसऱ्या पर्वाचा नायक राहुल महाजन ही दोघेही महाराष्ट्रातील. शिवाय ज्या शब्दावर हा सारा डोलारा उभारला गेला, त्या शब्दाशी मराठी साहित्य आणि रंगभूमी यांचे नाते फार जुने आहे. चार पर्वांपैकी प्रत्यक्ष विवाह फक्त एका पर्वात झाला आणि तोही पुढे टिकला नाही, ही गोष्ट मालिकेच्या इतिहासात आरंभीच नोंदवून ठेवणे योग्य ठरेल.

नाव आणि परंपरा

'स्वयंवर' या शब्दातील 'वर' हा 'वृ' (निवडणे) या संस्कृत धातूपासून आला आहे. कन्येने स्वतः केलेली निवड, असा त्याचा मूळ अर्थ. स्मृतिग्रंथांत विवाहाचे जे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत स्वयंवराचा स्वतंत्र उल्लेख नाही. स्वयंवर आढळते ते मुख्यतः महाकाव्यांत आणि काव्यनाटकांत, तेही राजकुलांच्या संदर्भात. तेथेही त्याचे रूप एकसारखे नाही. सीतेच्या आणि द्रौपदीच्या कथेत आधी पण लावलेला असतो: धनुष्याला प्रत्यंचा चढवायची किंवा लक्ष्याचा वेध घ्यायचा. जो जिंकेल तो वर, म्हणून निवड वधूपेक्षा पराक्रमावरच अधिक अवलंबून राहते. याउलट दमयंती आणि कालिदासाच्या 'रघुवंशा'तील इंदुमती या राजांच्या रांगेतून खरोखर आपल्या मनाने वर निवडतात. सावित्री तर मंडपाची वाटही पाहत नाही. ती स्वतः प्रवासाला निघते आणि वनात राहणाऱ्या सत्यवानाला वरून येते.

मराठीत या विषयाचे आकर्षण यादवकाळापासून दिसते. महानुभाव कवी नरेंद्र याचे 'रुक्मिणीस्वयंवर' हे तेराव्या शतकाच्या अखेरचे काव्य. संत एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' १५७१ मध्ये काशी येथे पूर्ण झाले. उपवर मुलीने या ग्रंथाचे पारायण केल्यास विवाह लवकर जुळतो अशी श्रद्धा महाराष्ट्रात अनेक घरांत आजही पाळली जाते. गंमत अशी की, रुक्मिणीच्या कथेत रूढ अर्थाचे स्वयंवर घडतच नाही. भावाने शिशुपालाशी ठरवलेला विवाह तिला मान्य नसतो. ती कृष्णाला पत्र पाठवते आणि कृष्ण तिला रथातून घेऊन जातो. तरीही मराठी परंपरेने त्या कथेला स्वयंवर म्हटले, कारण निवड रुक्मिणीची होती. मंडप, राजांची रांग आणि वरमाला ही बाह्य सामग्री. शब्दाचे मर्म निवडीत आहे, हे त्यातून दिसते.

आधुनिक मराठी रंगभूमीचा आरंभही याच विषयाने झाला. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सादर केलेले 'सीतास्वयंवर' हे मराठीतील पहिले नाटक मानले जाते आणि त्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळला जातो. कृ. प्र. खाडिलकर यांचे 'संगीत स्वयंवर' हे नाटक १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. भास्करबुवा बखले यांचे संगीत आणि बालगंधर्वांची रुक्मिणी यांमुळे ते संगीत नाटकाच्या इतिहासातील एक शिखर ठरले.

रंगमंचावर वधूच्या निवडीचे असे कौतुक होत असताना घरात मात्र मुलीला विचारण्याची चाल नव्हती. बालपणी लावून दिलेला विवाह आपल्यावर बंधनकारक नाही, अशी भूमिका घेणाऱ्या रखमाबाई यांचा मुंबई उच्च न्यायालयातील खटला १८८४ ते १८८८ या काळात गाजला. पतीकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंगवास पत्करण्याची तयारी त्यांनी दाखवली होती. पुढे त्या डॉक्टर झाल्या. त्या काळच्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर केलेली टीका वाचली, तर स्त्रीने आपला जोडीदार नाकारणे हे निवडण्याइतकेच, किंबहुना त्याहून कठीण होते, हे ध्यानात येते.

आणखी एका वापराचा उल्लेख येथे आवश्यक आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या सातपुडा भागात होळीपूर्वी भोंगऱ्या बाजार भरतात. शहरी लिखाणात त्यांची ओळख पुष्कळदा तरुण-तरुणींनी जोडीदार निवडण्याचा मेळा अशी करून दिली जाते, तर कधी त्यांना 'आदिवासींचे स्वयंवर'ही म्हटले जाते. आदिवासी समाजातील अभ्यासक आणि कार्यकर्ते यांना हे वर्णन मान्य नाही. होळीसाठी लागणारे सामान खरेदी करण्याचा आणि आप्तांना भेटण्याचा तो बाजार आहे, असे ते सांगतात. दुसऱ्याच्या जगण्यावर 'स्वयंवर' हा शब्द किती सहज चिकटवला जातो, याचे हे उदाहरण होय.

परदेशी पूर्वसूरी

जोडीदार निवडण्याचा खेळ दूरचित्रवाणीवर रुजवण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील 'द डेटिंग गेम' या कार्यक्रमाला दिले जाते. चक बॅरिस यांनी निर्मिलेला हा कार्यक्रम २० डिसेंबर १९६५ रोजी एबीसी वाहिनीवर सुरू झाला. जिम लँग हे त्याचे सूत्रसंचालक होते. खेळ साधा होता. एका तरुणीने पडद्याआड बसलेल्या तीन तरुणांना प्रश्न विचारायचे आणि चेहरा न पाहता, केवळ उत्तरांवरून एकाची निवड करायची; कधी निवडणारा तरुण असे आणि पडद्याआड तरुणी. निवडलेल्या जोडीला वाहिनीच्या खर्चाने सहलीला किंवा भोजनाला पाठवले जाई. लग्नाचा प्रश्नच येत नसे. या खेळाची एक भीषण बाजू पुढे उजेडात आली. १९७८ च्या एका भागात विजयी झालेला रॉडनी अल्काला हा अनेक खून केलेला गुन्हेगार असल्याचे नंतर सिद्ध झाले. त्याला निवडणाऱ्या तरुणीने प्रत्यक्ष भेटीनंतर त्याच्याबरोबर जाण्यास नकार दिला होता. अशा कार्यक्रमांत येणाऱ्या माणसांची पूर्वपीठिका तपासण्याविषयी बोलताना या प्रसंगाचा दाखला आजही दिला जातो.

ब्रिटनमध्ये हाच साचा 'ब्लाइंड डेट' या नावाने १९८५ मध्ये आला. गायिका सिला ब्लॅक यांनी २००३ पर्यंत त्याचे सूत्रसंचालन केले. तेथील सामान्य कुटुंबांत शनिवारी संध्याकाळी एकत्र बसून पाहण्याचा तो कार्यक्रम ठरला.

खेळाचे बक्षीस सहलीऐवजी विवाह असावे, ही कल्पना मात्र बरीच नंतरची आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेतील फॉक्स वाहिनीने एका श्रीमंत पुरुषासाठी वधू निवडण्याचा कार्यक्रम दाखवला आणि त्याच मंचावर विवाहही लावला. तो विवाह काही आठवड्यांतच न्यायालयाकडून रद्दबातल ठरवून घेण्यात आला. या फजितीतून धडा घेऊन माइक फ्लाइस या निर्मात्याने २००२ मध्ये 'द बॅचलर' आणला. एक पुरुष, पंचवीस स्त्रिया, अनेक आठवड्यांचा सहवास आणि प्रत्येक टप्प्यावर गुलाबाचे फूल देऊन पुढे नेणे, अशी त्याची मांडणी होती. २००३ मध्ये त्याची उलट बाजू असलेला 'द बॅचलरेट' सुरू झाला. त्याच्या पहिल्या पर्वातील जोडप्याचा विवाह त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. भारतातील 'स्वयंवर' मालिकेची घडण पाहिली, तर ती 'डेटिंग गेम'पेक्षा या दुसऱ्या परंपरेला अधिक जवळची आहे.

भारतातील आधीचे प्रयत्न

भारतात उपग्रह वाहिन्यांच्या पहिल्या दशकात तरुणांसाठीच्या संगीत वाहिन्यांवर प्रेमविषयक गप्पांचे कार्यक्रम होत असत, परंतु कुटुंबाने एकत्र पाहावा असा विवाहविषयक कार्यक्रम आणण्याचे धाडस सोनी वाहिनीने २००२ मध्ये केले. 'कहीं ना कहीं कोई है' या त्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन माधुरी दीक्षित यांनी केले. दूरचित्रवाणीवरील त्यांचे ते महत्त्वाचे पदार्पण होते. उपवर मुले-मुली आणि त्यांची कुटुंबे यांची भेट घालून देणे, असे त्याचे स्वरूप होते; थोडक्यात, आपल्याकडील 'कांदेपोह्यां'चा कार्यक्रम कॅमेऱ्यासमोर. माधुरी दीक्षित यांची लोकप्रियता असूनही तो दीर्घकाळ चालला नाही. सामान्य घरातील मुलीला पाहुण्यांसमोर बसवणे आणि देशासमोर बसवणे यांतील अंतर पुष्कळ कुटुंबांना ओलांडवले नसावे.

मराठी वाहिन्यांनी या सुमारास निराळी वाट धरली. झी मराठीवर २००४ मध्ये सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर' या कार्यक्रमात आदेश बांदेकर गृहिणींच्या घरी जात, खेळ घेत आणि विजेतीला पैठणी देत. त्यातील गप्पांत लग्न कसे जुळले हा प्रश्न हमखास येई, पण तो आठवण म्हणून. लग्न आधीच पार पडलेले असल्यामुळे त्यात कोणाला नाकारले जाण्याची भीती नव्हती.

२००८ मध्ये एमटीव्हीवर 'स्प्लिट्सव्हिला' सुरू झाला. तो उघडपणे तरुण प्रेक्षकांसाठी होता आणि त्यात विवाहाचा उल्लेख नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत एनडीटीव्ही इमॅजिन आणि जुलैमध्ये कलर्स या नव्या हिंदी वाहिन्या आल्या. स्टार प्लस, झी आणि सोनी यांच्यासारख्या प्रस्थापित वाहिन्यांपुढे टिकायचे तर काहीतरी नवे आणि चर्चेचे हवे होते. 'राखी का स्वयंवर'चा जन्म या स्पर्धेतून झाला.

कार्यक्रमाचे स्वरूप

सर्व पर्वांची चौकट साधारण सारखी आहे. विवाहेच्छू म्हणून एक प्रसिद्ध व्यक्ती जाहीर केली जाते आणि अर्ज मागवले जातात. निवडलेल्या इच्छुकांना राजवाड्यासारख्या वास्तूत एकत्र ठेवले जाते. त्यांच्यासाठी गप्पा, भेटी, छोट्या स्पर्धा आणि कसोट्या योजल्या जातात. ठरावीक काळाने काही जण बाद होतात. शेवटच्या टप्प्यात दोन किंवा तीन उमेदवार उरले की त्यांच्या कुटुंबीयांचा प्रवेश होतो. अंतिम भागात वरमाला घालून निवड जाहीर केली जाते.

यातील कुटुंबाचा प्रवेश हा भाग भारतीय रूपात विशेष ठळक आहे. पाश्चात्त्य कार्यक्रमांतही घरच्यांची भेट असते, पण तेथे तो एक टप्पा असतो. येथे मात्र सासू-सासऱ्यांची संमती हीच खरी परीक्षा असल्यासारखे दाखवले गेले. निवड एकाची, पसंती सर्वांची, अशी ही तडजोड होती. प्रेक्षकांच्या मतांवर विजेता ठरवण्याची पद्धत, जी त्या काळी गायन-नृत्याच्या स्पर्धांत सर्रास वापरली जाई, ती मात्र येथे निर्णायक ठेवली नव्हती. अखेरचा शब्द निवडणाऱ्याचाच होता.

पहिले पर्व: राखी का स्वयंवर (२००९)

राखी सावंत यांचा जन्म मुंबईचा. सावंत हे आडनाव त्यांना मुंबई पोलीस दलात हवालदार असलेल्या सावत्र वडिलांकडून मिळाले. हिंदी चित्रपटांतील आणि संगीतफितींतील नृत्यगीतांमुळे त्या प्रसिद्धीस आल्या. २००६ मध्ये 'बिग बॉस'च्या पहिल्या पर्वात त्यांचा सहभाग होता आणि त्यांच्या रोखठोक, अनेकदा वादग्रस्त बोलण्यामुळे त्या सतत बातम्यांत राहिल्या. चित्रपटसृष्टीत कोणाचा वरदहस्त नसताना केवळ स्वतःच्या आवाजावर स्थान मिळवलेली ही स्त्री. वाहिनीला हवे असलेले कुतूहल तिच्या नावातच होते.

सोल प्रॉडक्शन्स या संस्थेने पर्वाची निर्मिती केली आणि अभिनेते राम कपूर यांनी सूत्रसंचालन केले. चित्रीकरणासाठी राजस्थानातील उदयपूरची निवड झाली. देशातून आणि परदेशातून आलेल्या अर्जांतून सोळा इच्छुक निवडण्यात आले. सुरुवातीचे भाग प्रेक्षकांनी बहुधा विनोद म्हणूनच पाहिले. वृत्तपत्रांतून आणि विनोदी कार्यक्रमांतून त्याची यथेच्छ टिंगल झाली. परंतु जसजसे उमेदवार कमी होत गेले, तसतशी चर्चा बदलली. नृत्यगीते करणारी स्त्री सून म्हणून चालेल का, हा प्रश्न कोणी थेट विचारो वा न विचारो, प्रत्येक कौटुंबिक भेटीच्या मागे उभा होता. रात्री नृत्यगीते आवडीने पाहणाऱ्या समाजाला तो प्रश्न अडचणीचा होता. या पर्वाचे महत्त्व त्याच्या भपक्यापेक्षा या अडचणीत अधिक आहे.

अंतिम टप्प्यात टोरांटो येथील भारतीय वंशाचे व्यावसायिक एलेश परुजनवाला, क्षितिज जैन आणि मानस कत्याल हे तिघे उरले. २ ऑगस्ट २००९ रोजी प्रसारित झालेल्या अंतिम भागात राखी सावंत यांनी एलेश परुजनवाला यांना वरमाला घातली. मात्र विवाह झाला नाही. एकमेकांना ओळखण्यासाठी वेळ हवा, असे सांगून त्यांनी केवळ साखरपुडा केला. लग्न पाहण्यासाठी बसलेल्या प्रेक्षकांपैकी अनेकांना ही फसवणूक वाटली. वास्तविक पाहता, काही आठवड्यांच्या ओळखीवर, तीही कॅमेऱ्यांच्या देखत झालेल्या, आयुष्याचा निर्णय न घेणे यात अविचार म्हणण्यासारखे काही नव्हते.

यानंतर त्याच वाहिनीवरील 'पति पत्नी और वो' या कार्यक्रमात ही जोडी दिसली. ब्रिटनमधील 'द बेबी बॉरोअर्स' या कार्यक्रमावर बेतलेल्या या मालिकेत जोडप्यांना काही काळ दुसऱ्यांच्या लहान मुलांचा सांभाळ करायचा होता. त्यानंतर थोड्याच काळात दोघे विभक्त झाले.

दुसरे पर्व: राहुल दुल्हनिया ले जाएगा (२०१०)

दुसऱ्या पर्वात निवडणारा पुरुष होता. भारतीय जनता पक्षाचे दिवंगत नेते प्रमोद महाजन यांचे चिरंजीव राहुल महाजन हे २००८ मध्ये 'बिग बॉस'च्या दुसऱ्या पर्वामुळे दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना परिचित झाले होते. त्यांचा पहिला विवाह घटस्फोटाने संपुष्टात आलेला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये पर्व सुरू झाले आणि ६ मार्च २०१० रोजी त्यांनी कोलकात्याच्या डिंपी गांगुली यांच्याशी विवाह केला. संपूर्ण मालिकेत प्रत्यक्ष विवाहापर्यंत पोहोचलेले हे एकमेव पर्व होय. २०१५ मध्ये या दांपत्याचा घटस्फोट झाला.

पर्वाच्या नावाकडे भाषेच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९९५ च्या एका अतिशय लोकप्रिय हिंदी चित्रपटाच्या नावावर ते बेतलेले होते आणि त्यातील क्रियापद 'ले जाएगा' हे आहे. पहिल्या पर्वात 'राखीचे स्वयंवर' होते, म्हणजे निवडणारी कर्ती वधू होती. दुसऱ्यात नायक वधूला 'घेऊन जाणार' होता. पुरुषाने अनेक स्त्रियांतून एकीची निवड करणे यासाठी आपल्याकडे 'मुलगी पाहणे' हा रूढ शब्दप्रयोग आहे. त्याला स्वयंवर म्हणण्याची गरज पूर्वी कधी भासली नव्हती. तिसऱ्या पर्वात 'रिश्ता' हा तटस्थ शब्द आला. चौथ्यात तर 'वोटी' (पंजाबीत वधू) ही शोधण्याची वस्तू झाली. मालिकेच्या नावातील 'स्वयंवर' टिकले, परंतु त्याचा अर्थ पहिल्याच पर्वानंतर निसटला.

तिसरे पर्व: रतन का रिश्ता (२०११)

'अगले जनम मोहे बिटिया ही कीजो' या मालिकेतील लालीच्या भूमिकेमुळे घराघरांत पोहोचलेल्या अभिनेत्री रतन राजपूत या तिसऱ्या पर्वाच्या नायिका होत्या. त्यांनी दिल्लीच्या अभिनव शर्मा यांची निवड केली. साखरपुडा झाला, विवाह झाला नाही. आधीच्या दोन पर्वांइतकी चर्चा या पर्वाला लाभली नाही.

दरम्यान वाहिनीचे स्वामित्व बदलले होते. टर्नर समूहाने तिचा बहुसंख्य हिस्सा घेतल्यावर तिचे नाव 'इमॅजिन टीव्ही' झाले. अपेक्षित प्रेक्षकसंख्या न मिळाल्यामुळे एप्रिल २०१२ मध्ये वाहिनी बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि मालिकाही तेथेच थांबली.

चौथे पर्व: मिका दी वोटी (२०२२)

गायक मिका सिंग यांच्यासाठी वधू निवडण्याचे हे पर्व १९ जून २०२२ पासून स्टार भारतवर दाखवले गेले. चित्रीकरण जोधपूर येथे झाले आणि गायक शान यांनी सूत्रसंचालन केले. २५ जुलैच्या अंतिम भागात आकांक्षा पुरी यांची निवड झाली. त्या मूळच्या स्पर्धकांपैकी नव्हत्या. कार्यक्रम निम्म्यावर आल्यावर थेट प्रवेश घेऊन त्या आल्या आणि मिका सिंग यांच्याशी त्यांची अनेक वर्षांची मैत्री होती. आठवडे चाललेल्या कसोट्यांनंतर निवड झाली ती आधीपासून ओळखीच्या व्यक्तीची, याकडे अनेक प्रेक्षकांनी बोट दाखवले. या जोडीचाही विवाह झाला नाही.

वरमाला, साखरपुडा आणि कायदा

पडद्यावर वरमाला घातली म्हणजे विवाह झाला का, असा प्रश्न विद्यार्थ्यांकडून विचारला जातो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ७ नुसार दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींप्रमाणे विवाह संपन्न व्हावा लागतो. त्या विधींत सप्तपदीचा समावेश असेल, तर सातवे पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण होतो. साखरपुडा हा विवाह नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये डॉली राणी विरुद्ध मनीषकुमार चंचल या प्रकरणात हीच भूमिका अधिक स्पष्ट केली. आवश्यक विधी झाले नसतील, तर केवळ नोंदणीच्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. विवाह हा नाचगाण्याचा आणि खाण्यापिण्याचा प्रसंग नाही, अशी टिप्पणीही त्यात आली. हा खटला दूरचित्रवाणीशी संबंधित नव्हता. पण पहिल्या आणि तिसऱ्या पर्वातील जोड्यांना वेगळे होण्यासाठी न्यायालयात जावे लागले नाही आणि दुसऱ्या पर्वातील जोडीला घटस्फोट घ्यावा लागला, यामागील फरक या तरतुदीतून समजतो.

टीका

मालिकेवरील आक्षेप मुख्यतः दोन दिशांनी आले. विवाहसंस्थेची थट्टा होते, हा पहिला. २००९ चा जुलै महिना वास्तवदर्शी कार्यक्रमांच्या दृष्टीने वादळी होता. 'सच का सामना' या कार्यक्रमावर संसदेत चर्चा झाली आणि त्या वातावरणात 'राखी का स्वयंवर'वरही संस्कृतिरक्षणाच्या भूमिकेतून टीका झाली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निवडीचा देखावा उभा केला जातो, पण प्रसंग, संपादन आणि कोण किती काळ टिकणार हे निर्मात्यांच्या सोयीने ठरते, असा तो आक्षेप. बाद होणाऱ्या उमेदवारांचे, विशेषतः दुसऱ्या आणि चौथ्या पर्वातील तरुणींचे, जाहीर नाकारले जाणे हा मनोरंजनाचा भाग बनतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात नकार निदान चार भिंतींत राहतो. मध्यस्थ दोन दिवसांनी 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप देतो आणि उभयपक्षी मान राखला जातो. ही जुनी पद्धत निर्दोष नव्हे. तिच्यात मुलींनी सोसलेल्या अपमानांची नोंद मराठी कथा-कादंबऱ्यांतून विपुल आहे. परंतु त्या अपमानाचे प्रक्षेपण होत नसे.

चीनमध्येही २०१० मध्ये जिआंग्सू वाहिनीवरील अशाच एका अतिलोकप्रिय कार्यक्रमात एका तरुणीने सायकलवर हसण्यापेक्षा आलिशान मोटारीत रडणे पत्करेन अशा अर्थाचे उत्तर दिल्यावर मोठे वादंग झाले आणि तेथील शासनाने विवाहजुळवणीच्या कार्यक्रमांवर निर्बंध घातले. भारतात अशी थेट बंदी आली नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने 'बिग बॉस' आणि राखी सावंत यांच्याच 'राखी का इंसाफ' या कार्यक्रमांना रात्री अकरानंतरची वेळ देण्याचा आदेश काढला. २०११ मध्ये वाहिन्यांच्या संघटनेने तक्रारींसाठी स्वतःची परिषद नेमली. विवाहविषयक कार्यक्रमांसाठी निराळे नियम मात्र तेव्हाही झाले नाहीत.

समकालीन आणि नंतरचे कार्यक्रम

'राखी का स्वयंवर' संपल्यानंतर दीड महिन्यात, सप्टेंबर २००९ मध्ये, स्टार प्लसने 'परफेक्ट ब्राइड' आणला. त्यात वरांबरोबर त्यांच्या आयाही सहभागी होत्या आणि भावी सुनांची पारख त्या करीत. निवड कोणाची, या प्रश्नाचे इतके प्रामाणिक उत्तर अन्य कोणत्याही कार्यक्रमाने दिले नसेल. २०१३ मध्ये लाइफ ओके वाहिनीवर 'द बॅचलरेट'ची अधिकृत भारतीय आवृत्ती 'मेरे खयालों की मल्लिका' या नावाने आली. मल्लिका शेरावत नायिका होत्या आणि रोहित रॉय सूत्रसंचालक होते. विजय सिंग यांची निवड झाली, विवाह झाला नाही.

२०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या 'इंडियन मॅचमेकिंग' या मालिकेत मुंबईच्या सीमा तापडिया या विवाहजुळवणी करणाऱ्या व्यावसायिक भारतात आणि अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय कुटुंबांसाठी स्थळे शोधताना दिसतात. तीत राजवाडा नाही, कसोट्या नाहीत आणि वरमालाही नाही. उंची, वर्ण, शिक्षण आणि पत्रिका यांची माहिती लिहिलेला कागद मात्र प्रत्येक भागात आहे. मालिकेवर पुष्कळ टीका झाली आणि तिची आणखी दोन पर्वेही निघाली.